विषाणूजन्य तापानंतरचे रक्तविकार : मुलांचे वेगळे, मोठ्यांचे वेगळे

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने "लहान मुलांच्या आरोग्याविषयी काही लिहा" असे सुचविले होते. मी बालरोगतज्ज्ञ, तेव्हा ती सूचना योग्यच होती. तरीही प्रस्तुत लेखाचा विषय मोठ्या माणसांचा आहे. असे का, हे स्पष्ट होण्यासाठी एका कुटुंबाची हकीकत प्रथम सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी सहा वर्षांच्या एका मुलाला त्याची आई माझ्याकडे घेऊन आली. दोन आठवड्यांपूर्वी त्याला सर्दी-ताप येऊन गेला होता. मुलगा हसत-खेळत होता, जेवत होता. परंतु अंगावर मोहरीएवढे लाल ठिपके उमटले होते आणि नडग्यांवर काळेनिळे डाग होते. रक्तातील प्लेटलेटची संख्या अवघी ९,००० भरली. आवश्यक त्या तपासण्या केल्यावर मी औषध न देता केवळ लक्ष ठेवण्याचे ठरविले आणि त्या माउलीला म्हणालो, "ताई, घाबरू नका. तापानंतर मुलांना असे होते, आपोआप जाते." झालेही तसेच. पाच आठवड्यांत प्लेटलेट दोन लाखांवर गेल्या.

चार वर्षांनी, पावसाळ्यात, त्या आईलाच ताप आला. डेंग्यूची तपासणी निर्दोष निघाली आणि चार दिवसांत ताप उतरला. नंतर पायांवर तसेच लाल ठिपके दिसू लागले. घरात कोणीही घाबरले नाही. "बाळाला झाले होते तेच हे. डॉक्टरसाहेब म्हणाले होते, आपोआप जाते." पपईच्या पानांचा रस सुरू झाला. हिरड्यांतून रक्त येऊ लागले, मासिक पाळी दहा दिवस उलटले तरी थांबेना. तेही त्यांनी सोसले. तिसऱ्या आठवड्यात मुलाला दहाव्या वर्षीची धनुर्वाताची लस देण्यासाठी त्या आल्या, तेव्हा त्यांचा पांढराफटक चेहरा पाहून मी मुलाला बाजूला बसविले आणि त्यांनाच तपासले. टाळूवर रक्ताचे फोड होते. प्लेटलेट ७,००० आणि हिमोग्लोबिन ६ च्या आसपास. त्याच दिवशी त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले.

त्या वाचल्या, आज त्या ठीक आहेत. परंतु माझे ते वाक्य माझ्याकडे परत आले. ते मुलाच्या बाबतीत अगदी बरोबर होते. घराच्या बाबतीत मात्र अर्धेच होते. उरलेले अर्धे येथे लिहीत आहे.

रक्षकच जेव्हा घरच्यांवर उलटतो

रक्तात तीन प्रकारच्या पेशी असतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात आणि सुमारे १२० दिवस जगतात. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. प्लेटलेट रक्तवाहिनीला पडलेले छिद्र बुजवितात. त्यांचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे असते आणि निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात.

विषाणू शरीरात शिरला की त्याच्या पृष्ठभागावरील प्रथिने ओळखणारी प्रतिपिंडे तयार होतात. काही वेळा विषाणूच्या प्रथिनाचा एखादा तुकडा आपल्याच प्लेटलेटवरील किंवा तांबड्या पेशीवरील प्रथिनासारखा असतो. मग विषाणूसाठी घडविलेले प्रतिपिंड आपल्या पेशीलाही चिकटते. अशी खूण लागलेली पेशी प्लीहेत पोचली की तेथील भक्षक पेशी तिला गिळून टाकतात. एच.आय.व्ही., हिपॅटायटिस सी आणि कांजिण्यांच्या विषाणूंच्या बाबतीत हे साधर्म्य प्रयोगशाळेत दाखविले गेले आहे. दुसरा मार्ग असा की, संसर्गाच्या धामधुमीत प्रतिकारशक्तीचे अंतर्गत नियंत्रण सैल होते आणि एरवी दबून राहिलेल्या, स्वतःविरुद्धच्या पेशी मोकळ्या सुटतात. तिसरा मार्ग म्हणजे विषाणूने अस्थिमज्जेलाच काही काळ मंद करणे. प्रत्यक्ष रुग्णात हे मार्ग अनेकदा एकत्र आढळतात.

हे ज्ञान सहजासहजी मिळालेले नाही. अंगावर रक्ताचे डाग पडण्याच्या या रोगाचे वर्णन जर्मन वैद्य व्हेर्लहोफ यांनी १७३५ साली केले. १९१६ साली प्राग येथे काझ्नेल्सन या वैद्यकीय विद्यार्थ्याने प्लीहा काढून पाहावी असा आग्रह आपल्या प्राध्यापकांकडे धरला. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण स्त्रीच्या प्लेटलेट झपाट्याने वाढल्या. तरीही मूळ दोष कोठे आहे, हे कळले नव्हते. १९५० साली अमेरिकेतील सेंट लुई येथे विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने अशा रुग्णाचे रक्त स्वतःच्या शरीरात चढवून घेतले. काही तासांतच त्यांच्या प्लेटलेट जवळजवळ नाहीशा झाल्या आणि पूर्ववत होण्यास सुमारे आठवडा लागला. दोष रुग्णाच्या अस्थिमज्जेत नसून रक्तद्रवात फिरणाऱ्या घटकात आहे, हे त्यातून सिद्ध झाले. आज आपण या रोगाला 'इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया', संक्षेपाने आय.टी.पी., म्हणतो. पूर्वी त्यातील पहिल्या अक्षराचा अर्थ 'कारण अज्ञात' असा घेतला जाई.

मूल आणि मोठा माणूस : फरक कोठे आहे?

मुलांमध्ये हा विकार बहुधा अचानक उद्भवतो. निम्म्याहून अधिक मुलांना आधीच्या काही आठवड्यांत विषाणूजन्य ताप आलेला असतो. पाचांपैकी सुमारे चार मुले वर्षाच्या आत, बरीचशी तर काही आठवड्यांतच, पूर्ण बरी होतात. म्हणूनच केवळ त्वचेवर ठिपके असलेल्या मुलाला औषध न देता सांभाळणे हा आज मान्य झालेला मार्ग आहे.

प्रौढांत चित्र पालटते. सुरुवात पुष्कळदा सावकाश होते. उपचाराविना पूर्ण बरे होणारे थोडे. स्टिरॉइडने प्रथम सुधारलेल्यांपैकीही अनेकांच्या प्लेटलेट औषध कमी करताच पुन्हा घसरतात आणि विकार बारा महिन्यांपलीकडे रेंगाळतो. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वयाबरोबर वाढतो. त्यातून रक्तदाब, मधुमेह, हृदयविकारासाठी रोजची ॲस्पिरिनची गोळी अशी जोड असते. स्त्रियांत मासिक पाळीचा रक्तस्राव ही स्वतंत्र आपत्ती ठरते.

आणखी एक महत्त्वाचा भेद आहे. प्रौढातील आय.टी.पी.मागे दुसरा आजार दडलेला असू शकतो : एच.आय.व्ही., हिपॅटायटिस सी, ल्यूपस, लसिकापेशींचा कर्करोग. एखाद्याचा रक्तविकार हीच हिपॅटायटिस सी किंवा एच.आय.व्ही.ची पहिली खूण असते. हिपॅटायटिस सी आता तोंडाने घ्यावयाच्या औषधांनी बहुधा बारा आठवड्यांत बरा होतो, आणि विषाणू गेल्यावर प्लेटलेटही सुधारू शकतात. म्हणून आय.टी.पी. झालेल्या प्रत्येक प्रौढाची एच.आय.व्ही., हिपॅटायटिस बी आणि सी या तिन्हींसाठी तपासणी झालीच पाहिजे. ती तपासणी सुचविणे म्हणजे रुग्णाच्या चारित्र्याविषयी संशय घेणे नव्हे, हे आपल्या समाजाने मोकळ्या मनाने समजून घ्यावे.

डेंग्यूच्या हंगामातील गफलत

आपल्या या शहराला तापाच्या निदानाची मोठी परंपरा आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी पाहिला. नल्लाकुंट्याच्या फीव्हर हॉस्पिटलला त्यांचेच नाव आहे. आज पावसाळा सुरू होऊन गणेशोत्सव जवळ आला की काचीगुड्यापासून कुकटपल्लीपर्यंत घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : "काउंट किती?"

डेंग्यूमध्येही प्लेटलेट घटतात. अस्थिमज्जा मंदावते, प्लेटलेट खर्ची पडतात आणि विषाणूच्या एन.एस.१ प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे प्लेटलेटनाही चिकटू शकतात. परंतु डेंग्यूचे एक वेळापत्रक असते. तापाच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान संख्या घसरते आणि बहुधा सातव्या ते दहाव्या दिवसापर्यंत स्वतःहून चढू लागते. डेंग्यूतील खरा धोका रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब ढासळण्याचा आहे. म्हणून त्यात केवळ प्लेटलेटच्या आकड्यावर डोळा ठेवणे पुरेसे नाही.

आकडा कमी म्हणून रक्तस्राव नसतानाही प्लेटलेट चढवाव्यात काय? सिंगापूर व मलेशियातील ३७२ प्रौढ डेंग्यूरुग्णांवर केलेला अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या प्लेटलेट २०,००० किंवा त्याहून कमी होत्या. प्लेटलेट चढविलेल्या गटात रक्तस्राव कमी झाला नाही. उलट दुष्परिणाम अधिक आढळले. पिशव्यांसाठी रात्री-अपरात्री धावपळ करणाऱ्या नातेवाइकांना हे शांतपणे समजावून सांगणे हे आपले काम आहे.

आय.टी.पी.मध्ये तर चढविलेल्या प्लेटलेटही प्रतिपिंडांच्या तावडीत सापडून अल्पावधीत नष्ट होतात. प्राणघातक रक्तस्राव होत असेल तरच, इतर उपचारांच्या जोडीने, त्या देतात.

मग ओळखायचे कसे? ताप उतरून दहा दिवस झाले, भूक परतली, माणूस कामाला लागला, आणि तरीही प्लेटलेट चढत नसतील किंवा आणखी घटत असतील, तर 'डेंग्यूचा परिणाम अजून आहे' असे म्हणून थांबू नये. येथे पहिली पायरी अतिशय स्वस्त आहे : रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली अनुभवी डोळ्यांनी पाहणे. ई.डी.टी.ए.च्या नळीत काहींच्या प्लेटलेटचे पुंजके होतात आणि यंत्र खोटी घट दाखविते. काचपट्टीवर तांबड्या पेशींचे तुकडे दिसले तर टी.टी.पी. हा तातडीचा आजार असू शकतो. त्यात रक्तद्रव बदलण्याची प्रक्रिया तासांच्या हिशेबाने सुरू करावी लागते. अपक्व पांढऱ्या पेशी दिसल्या तर रक्ताच्या कर्करोगाचा विचार करावा लागतो. ताप मात्र हटतच नाही, सगळ्याच पेशी घटत आहेत, प्लीहा वाढली आहे आणि फेरिटिन अवाच्या सवा चढले आहे, अशा वेळी प्रतिकारशक्तीच्या बेफाम वादळाची, म्हणजे एच.एल.एच.ची, शंका घ्यावी.

तांबड्या पेशींवरील हल्ला

हाच प्रकार तांबड्या पेशींच्या बाबतीत घडला तर तापानंतर काही दिवसांनी डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, जिना चढताना धाप लागते. घरचे लोक 'कावीळ' म्हणून झाडपाल्याच्या औषधाकडे धावतात. यकृत मात्र शाबूत असते. पिवळेपणा फुटलेल्या तांबड्या पेशींचा असतो. १९०४ साली डोनाथ व लँडस्टायनर यांनी व्हिएन्नात दाखविले की, रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातील घटक थंडीत त्याच्याच तांबड्या पेशींना चिकटतो आणि रक्त पुन्हा उबदार होताच त्या फुटतात. शरीर स्वतःविरुद्ध शस्त्र उगारू शकते याचा तो आरंभीचा भक्कम पुरावा होता. त्या काळी हा विकार उपदंशाच्या रुग्णांत आढळे. आता तो मुख्यतः विषाणूजन्य तापानंतर लहान मुलांत दिसतो. १९४५ साली कूम्ब्ज, मूरंट आणि रेस यांनी पेशीला चिकटलेली प्रतिपिंडे उघड करणारी चाचणी दिली. ती कूम्ब्ज चाचणी आजही निदानाचा कणा आहे.

मोठ्यांत याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. शरीराच्या तापमानाला काम करणारी 'उष्ण' प्रतिपिंडे स्टिरॉइडला सहसा दाद देतात. 'शीत' प्रतिपिंडे एप्स्टाइन-बार विषाणूच्या किंवा मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या संसर्गानंतर उद्भवतात, काही आठवड्यांत ओसरतात, आणि त्यांच्यावर स्टिरॉइडचा फारसा उपयोग होत नाही. रुग्णाला उबेत ठेवणे महत्त्वाचे. अशा रुग्णाचा नमुना नळीतच गोठल्यासारखा होतो आणि यंत्र तांबड्या पेशींची संख्या अशक्य वाटावी इतकी कमी दाखविते. नमुना ३७ अंशांवर ठेवून पुन्हा तपासला की उलगडा होतो.

येथे रक्तपेढीत एक कठीण प्रसंग उभा राहतो : रुग्णाचे रक्त कोणत्याही पिशवीशी जुळत नाही. याच्याशी ताडून पाहावी अशी एक घटना आपल्या मराठी वैद्यकाच्या इतिहासात आहे. १९५२ साली मुंबईच्या डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया आणि त्यांच्या इंग्लंडमधील सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये तीन व्यक्तींची नोंद केली. नेहमीच्या कोणत्याच गटाचे रक्त त्यांना चालत नव्हते. तोच पुढे जगप्रसिद्ध झालेला 'बॉम्बे रक्तगट'. त्या व्यक्तींची प्रतिपिंडे परक्या रक्ताविरुद्ध होती. त्यांच्या स्वतःच्या पेशींना त्यांपासून धोका नव्हता. आपल्या विषयातील रुग्णाची प्रतिपिंडे परक्या आणि स्वतःच्या, दोन्ही पेशींवर चालून जातात. व्यवहारातही दोघांचा मार्ग वेगळा. बॉम्बे गटाला बॉम्बे गटाचेच रक्त हवे. स्वयंप्रतिकाराच्या रुग्णाला मात्र, जीव धोक्यात असेल तर, तज्ज्ञांच्या सल्ल्याने त्यातल्या त्यात जुळणारे रक्त सावकाश व देखरेखीखाली द्यावे लागते. 'जुळत नाही' या शेऱ्यापुढे हात टेकून हिमोग्लोबिन तीनवर येईपर्यंत वाट पाहणे हा त्याहून मोठा धोका आहे.

कोविडच्या साथीने या विषयाची जगाला पुन्हा आठवण करून दिली. २०२० सालीच फ्रान्स व बेल्जियममधील सात कोविडरुग्णांत तांबड्या पेशींचा असा नाश झाल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांपैकी काहींना लसिकापेशींचा सुप्त कर्करोग आधीपासून होता. २०२१ मध्ये ॲडिनोविषाणूवर आधारित कोविड लशींनंतर, अत्यंत क्वचित, प्लेटलेट घटणे आणि त्याच वेळी रक्ताच्या गुठळ्या होणे असा विकार आढळला. २०२३ मध्ये तशीच प्रतिपिंडे, लस न घेता केवळ ॲडिनोविषाणूचा नैसर्गिक संसर्ग झालेल्या दोन रुग्णांत सापडली : एक पाच वर्षांचा मुलगा आणि एक ५८ वर्षांची स्त्री. प्लेटलेट कमी म्हणजे रक्तस्रावच होणार, असे नाही. तीव्र डोकेदुखी किंवा पाय सुजणे असेल तर गुठळीचाही विचार करावा.

उपचार : आकड्याचा की माणसाचा?

प्रौढांत प्लेटलेट ३०,००० हून कमी असतील किंवा रक्तस्राव होत असेल तर साधारणतः उपचार सुरू करतात. पहिले औषध स्टिरॉइड. ते सहा आठवड्यांहून अधिक काळ लांबवू नये, असा आजचा सल्ला आहे. आपल्याकडे मधुमेह आणि क्षयरोग दोन्ही मुबलक आहेत, त्यामुळे रक्तातील साखर आणि छातीचा फोटो विसरता कामा नये. तातडी असेल तर शिरेतून इम्यूनोग्लोब्युलिन देतात. स्वित्झर्लंडच्या इम्बाख यांनी १९८१ मध्ये त्याचा प्रभाव प्रथम दाखविला तो मुलांवरच. खर्च मोठा असतो आणि परिणाम काही आठवड्यांचा.

स्टिरॉइडने भागले नाही तर पूर्वी थेट प्लीहा काढण्याची वेळ येई. २००८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या रोमिप्लोस्टिम व एल्ट्रोम्बोपॅग या, अस्थिमज्जेला प्लेटलेट बनविण्यास उद्युक्त करणाऱ्या औषधांनी ते चित्र बदलले. एल्ट्रोम्बोपॅगच्या बाबतीत एक घरगुती सूचना मोलाची आहे : दूध, दही, ताक, कॅल्शियम वा लोहाच्या गोळ्या यांच्या किमान दोन तास आधी किंवा चार तास नंतरच ती गोळी घ्यावी. दहीभाताबरोबर घेतलेली गोळी वाया जाते, आणि मग 'औषध लागू पडत नाही' असा ग्रह होतो. रिटुक्सिमॅब देण्यापूर्वी हिपॅटायटिस बी तपासणे आणि प्लीहा काढण्यापूर्वी न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस व हिब यांच्या लशी देणे अनिवार्य आहे.

आता घरगुती उपायांविषयी. पपईच्या पानांचा रस आय.टी.पी. बरा करीत नाही. त्यावर विसंबण्यात गेलेले दिवसच महाग पडतात. 'प्रतिकारशक्ती वाढविणारी' औषधे तर येथे तर्कालाच धरून नाहीत, कारण या रोगात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती वाट चुकलेली असते. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद केली आणि त्यांत स्वयंप्रतिकाराची लक्षणे आढळली.

घरोघरी लक्षात ठेवावे असे

तापात पॅरासिटामॉल घ्यावे; ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नये. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ते परस्पर बंदही करू नये, डॉक्टरांना विचारावे. ताप गेल्यावर अंगावर दाबूनही न मावळणारे लाल ठिपके, तोंडात रक्ताचे फोड, हिरड्यांतून वा नाकातून न थांबणारे रक्त, लांबलेली पाळी, पिवळे डोळे व गडद लघवी, किंवा अचानक आलेला पांढरेपणा, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. तीव्र डोकेदुखी, उलट्या वा गुंगी असेल तर थेट रुग्णालय गाठावे. एका मुलाचा, शेजाऱ्याचा वा नातेवाइकाचा अनुभव दुसऱ्याला लावू नये. विकाराचे नाव एक असले तरी वय बदलले की त्याची चाल बदलते.

त्या माउलींना स्टिरॉइड, इम्यूनोग्लोब्युलिन आणि पुढे अनेक महिने एल्ट्रोम्बोपॅग घ्यावे लागले. आज औषधाविना त्यांच्या प्लेटलेट साठ-सत्तर हजारांच्या आसपास असतात, आणि तेवढ्यावर त्या नोकरी, घर, सणवार सारे काही सांभाळतात. दीड लाखाचा आकडा गाठण्याचा हट्ट आम्ही कोणीच धरलेला नाही.

तापानंतर ठिपके आलेले मूल आजही माझ्याकडे येते आणि आजही मी बहुधा तेच वाक्य म्हणतो, "घाबरू नका, मुलांचे हे आपोआप जाते." मात्र आता तेथे थांबत नाही. पुढे म्हणतो, "पण घरात उद्या मोठ्या माणसाला असे झाले, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी दाखवा." माझ्या व्यवसायबंधूंनीही हे दुसरे वाक्य पहिल्याला जोडून द्यावे, एवढीच विनंती.